पिक्चरवरून पुस्तक

शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी मला "शू!" केलं. मला! ज्या काकांनी त्याआधी फोन उचलून "पिक्चरला बसलोय, पिक्चरला... अहो नाही, पिक्चरला!" असं अख्ख्या थिएटरला कळवलं होतं, त्यांनी. आणि माझा अपराध काय? मी "पुस्तकात असं नाहीये" एवढंच म्हणाले होते, तेही तोंडातल्या तोंडात. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं मान वळवून माझ्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. काकांकडे नाही, माझ्याकडे.

तर आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि मी तो बघायला गेले. वाचणाऱ्या माणसांना पुढचं सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण राग अजून उतरलेला नाही. कादंबरीचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोस्टर येईल, आणि ते एका माणसाच्या डोळ्यांसमोर येतंय तेवढं पुरे.

कादंबरी वयात येणाऱ्या मुलाची आहे, म्हणजे तिच्यात तसं काही घडत नाही. एक लांबलचक सुट्टी आहे, एक चौदा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याला आपल्या हातापायांचं काय करावं ते कळत नाही. त्यातलं एक प्रकरण मला जवळजवळ पाठ आहे. घरात कोणी नसताना तो वडिलांचं दाढीचं सामान काढतो. दाढी करण्यासारखं चेहऱ्यावर काही नाही. वरच्या ओठावर जराशी लव, तीही उजेडाकडे तोंड केलं तर दिसणारी. ब्रश भिजवतो, फेस करतो, आणि फेस वाळेपर्यंत नुसता आरशात बघत राहतो. मग ओठाच्या कोपऱ्यात कापून घेतो. रक्त थांबेना म्हणून कागदाचा कपटा चिकटवतो आणि तसाच रात्री जेवायला बसतो. कोणी काही बोलत नाही. वडील मान खाली घालून जेवतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चोरून सामान उघडतो, तर रेझरला नवं पातं. प्रकरण संपलं.

आता चित्रपट. पहिली गोष्ट, नायक चौदाचा असल्याचं सगळे सारखे बोलत असतात, कारण बघून ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नाही. नट पंचविशीचा तरी असावा. गुणी मुलगा आहे, माझं त्याच्याशी काही वैर नाही. पण आयुष्यातली पहिली दाढी करायला तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या गालांवर रोज दाढी करणाऱ्या माणसाची हिरवट झाक स्वच्छ दिसत होती. कॅमेरा जवळ गेला, अजून जवळ गेला. पडदा केवढा, गाल केवढा! मेकअपवाल्यांनी बिचाऱ्यांनी काहीतरी थापलं होतं, पण निसर्गापुढे कोणाचं चालतं? आणि त्या गालावर तो थरथरत्या हातानं रेझर ठेवतो, कसा धरायचा तेही ठाऊक नसल्यासारखा.

बाहेर पाऊस. (कादंबरीत कडक उन्हाळा आहे. पण पाऊस नसेल तर भावना कशा भिजणार?) गिटार सुरू. दारात वडील. स्लो मोशनमध्ये आत येतात, मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "आज माझा मुलगा मोठा झाला." मग मिठी. मिठीत मुलाच्या गालावरचा फेस वडिलांच्या गालाला लागतो. दोघं हसतात. मग वडील मुलाच्या नाकाला फेस लावतात, मुलगा वडिलांच्या कानाला, आणि गिटारवाल्याला आणखी चार जण येऊन मिळतात.

तेव्हा मी ते वाक्य म्हणाले. आणि काकांनी "शू!" केलं, कारण काका रडत होते.

मध्यंतरात दिवे लागले. काकांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात सुरुवात केली.

"ताई, रागावू नका हां. पण सीन चालू होता."

"काका, पुस्तकात वडील काही बोलतच नाहीत."

"मग कळणार कसं?"

"काय?"

"त्यांना कळलंय ते."

"पातं बदलतात ना."

"कोण?"

"वडील."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी. म्हणजे बदललेलं असतं."

"पण बदलताना दाखवलंय का?"

"नाही."

"मग आईनं बदललं असेल तर?"

मी गप्प. इतकी वर्षं ती कादंबरी वाचतेय, पण ही शंका मला कधी आली नव्हती. काका खुर्चीत मागे रेलले. "बघा. अर्धवट आहे तुमचं पुस्तक." मग थोडं थांबून, "पुस्तक म्हणजे तेच ना, बाहेर टेबलावर ठेवलंय? पिक्चरवरून काढलेलं?"

"नाही काका. पुस्तक आधीचं आहे. त्यावरून पिक्चर काढलाय."

"असं कसं? त्यावर हिरोचा फोटो आहे."

"ती नवी आवृत्ती. पुस्तक जुनंच. मी कॉलेजात असताना वाचलंय."

"तेव्हा हा हिरो केवढा असेल?"

"पाळण्यात असेल."

"मग फोटो कुठून आला?"

मी नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, मुखपृष्ठ बदलणं वगैरे समजावायला गेले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही म्हणता तर असेल, असा भाव चेहऱ्यावर ठेवून त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "लेखकाला विचारूनच काढला असेल ना पिक्चर?"

"हो. हक्क घ्यावेच लागतात."

"पैसेही मिळाले असतील त्याला."

"मिळाले असतील."

"मग झालं तर! ज्याचं पुस्तक त्याला चालतंय, तुमचं काय जातंय?"

यावर मला सणसणीत उत्तर सुचलं, पण ते घरी आल्यावर, रात्री अंथरुणात. म्हणून ते इथे देते. काका, लेखकाला नेहमी चालतंच असं नाही. अमेरिकेत जे. डी. सॅलिंजर नावाचे लेखक होते. त्यांच्या एका कथेवर 1949 मध्ये हॉलिवूडनं प्रेमाचे कढ काढणारा चित्रपट केला. त्याचा त्यांनी इतका धसका घेतला की 1951 मध्ये आलेल्या 'द कॅचर इन द राय'चे हक्क त्यांनी मोठमोठ्या लोकांनी मागूनही दिले नाहीत. वयात येणाऱ्या मुलाची जगातली बहुधा सगळ्यात गाजलेली कादंबरी, लेखक 2010 मध्ये वारला, आणि तिच्यावर आजतागायत चित्रपट नाही. शिवाय त्या कादंबरीतल्या पोरालाच सिनेमाचा मनस्वी तिटकारा आहे, हे आणखी छान. दुसरे जर्मनीचे मिखाएल एण्डे. त्यांच्या 'नेव्हरएंडिंग स्टोरी'वर 1984 मध्ये चित्रपट आला. एक तर चित्रपट थांबवा नाहीतर त्याचं नाव बदला, म्हणून हे गृहस्थ कोर्टात गेले. आणि हरले. लेखक हरतो तिथे मध्यंतरात दिवे लागल्यावर वाद घालणारी बाई काय जिंकणार?

पण मला पुस्तकवेडी, सोवळ्यातली वगैरे समजू नका. बदल केला म्हणून मी कधीच ओरडत नाही. साधारण एका पानाची पटकथा म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा हिशोब असतो. तीनशे पानांची कादंबरी मोठ्यानं वाचायला दहाएक तास लागतात. कात्री लागणारच. आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' केला तेव्हा साने गुरुजींच्या सगळ्या रात्री काही पडद्यावर उतरल्या नाहीत, तरी पहिलंवहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळालं. सत्यजित राय यांनी तर 'पथेर पांचाली'त सरळ फेरफार केले. कादंबरीत म्हातारी इंदिर सुरुवातीलाच जाते, रायसाहेबांनी तिला कितीतरी पुढेपर्यंत जिवंत ठेवलं. आणि मुलगी गेल्याचं बापाला कळतं त्या प्रसंगात आई हंबरडा फोडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई वाजते. हाही बदलच की! पण तो करणाऱ्या माणसानं त्या पुस्तकाच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं आधी स्वतः काढली होती. पुस्तक त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. आमच्या चित्रपटवाल्यांनी पुस्तक वाचलं असेल यावरही माझा विश्वास नाही. कोणीतरी वाचून दुसऱ्याला सांगितलं असेल, दुसऱ्यानं फोनवर तिसऱ्याला, आणि तिसरा म्हणाला असेल, "छान आहे, पण वडील काही बोलत का नाहीत?"

एवढ्यात दिवे गेले.

उत्तरार्धात एक नवंच लचांड सुरू झालं. मी पुस्तक वाचलंय हे आता काकांना ठाऊक झालं होतं, आणि घरात आयता माणूस असताना त्याचा उपयोग न करणाऱ्यांतले ते नव्हते. नायकाच्या शाळेत नवी मुलगी आली. "ही आहे का पुस्तकात?" नाही. नायकाला आणि तिला गच्चीवर कोंडलं. "हे?" नाही. खलनायक आला. (वयात येणाऱ्या मुलाच्या गोष्टीत खलनायक! अहो, त्या वयात आरसा असतो की.) "हा तरी?" नाही, काका. "मग आहे काय पुस्तकात?" हा प्रश्न त्यांनी पुरेशा मोठ्यानं विचारला आणि पुढच्या रांगेतली ती मुलगी पुन्हा वळली. "मॅडम, प्लीज." मॅडम म्हणजे मी. काका पडद्याकडे बघत होते, देवळात बसल्यासारखे.

आणि मग तो प्रसंग आला. खोटं कशाला बोलू, तो एक प्रसंग चांगला होता. मुलगा मित्राच्या घरी जातो. दार अर्धवट उघडं. आत चार जण त्याच्या चालण्याची नक्कल करून हसताहेत. तो आत जात नाही, परतही फिरत नाही. पायरीवर बसतो आणि बुटाची नाडी सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो. संगीत नाही, पाऊस नाही, संवाद नाही, आणि नट पंचवीसचा असला तरी त्याची बोटं त्या मिनिटापुरती चौदाची झाली होती. कादंबरीत हे असंच आहे, जसंच्या तसं. म्हणजे यांना जमत होतं! येत नसतं तर मी समजून घेतलं असतं. मला एकदम काकांना सांगावंसं वाटलं, की हे बघा, हे आहे पुस्तकात. मी वळले.

काका फोनवर होते. "पिक्चरला बसलोय. नाही नाही, बोल तू, आत्ता काही नाही चाललेलं."

इथे मला खरोखर वाईट वाटलं. काकांचा राग आला असं नाही. काकांसारख्यांसाठीच तर वडिलांच्या तोंडी ते वाक्य घातलं होतं, आणि काका रडलेही होते. गणित चुकलं कुठे? कुठेच नाही. फक्त माझं जे गेलं ते कोणाच्या हिशोबात धरलेलं नाही. लेखकानं त्या मुलाच्या चेहऱ्याचं वर्णन कुठेही केलेलं नाही. नाक कसं, डोळे कसे, एक अक्षर नाही. इतकी वर्षं तो चेहरा मी माझा जोडलेला होता. परवा घरी येऊन ते प्रकरण काढलं, तर आरशात हिरवट गालांचा एक घोडा उभा. कितीही हाकला, जाईना. शेवटी मी पुस्तक मिटलं. आणि आता कोणाला भेट द्यायची म्हटली तर दुकानात तीच आवृत्ती मिळणार, त्याचा फोटो असलेली, कोपऱ्यात गोल शिक्का, "आता भव्य चित्रपट". भव्य! बाथरूममधल्या गोष्टीला!

शेवट सांगून टाकते, तसाही तो कोणाला धक्का देणारा नाही. कादंबरी संपते तेव्हा शाळा सुरू व्हायला एक दिवस उरलेला असतो आणि मुलाला गेल्या वर्षीचा गणवेश आखूड झालेला असतो. बस. चित्रपटात पडद्यावर अक्षरं उमटली, "पंधरा वर्षांनंतर". दाढीवाला नायक (अखेर त्याला शोभेल असं वय!) मंचावर उभा. तो लेखक झालेला असतो. अर्थातच. लहानपणी कोणीतरी त्याच्यावर हसलं होतं ना, मग दुसरं काय होणार? समोर लोक, टाळ्या, पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांचे वडील आणि त्यांच्या हातात तो जुना रेझर. समारंभाला! रेझर घेऊन! दारावर कोणी तपासलं नाही का, असा विचार मी करत होते, तेवढ्यात काकांचा हुंदका आला.

नावं संपताना कोपऱ्यात एक ओळ आली, भाग दोन लवकरच. बाहेर पडायच्या गर्दीत काकांनी मला गाठलं. हातात नवीकोरी प्रत, पिशवीसकट. चेहरा रडून स्वच्छ झालेला.

"घेतलं बरं का. तुम्ही एवढं म्हणत होतात म्हणून घेतलं."

मी खूश झाले. खरंच झाले. म्हटलं, "वाचा काका. दाढीचं प्रकरण आधी वाचा."

"वाचतो की." त्यांनी प्रत उलटीपालटी करून पाठीमागचा मजकूर वाचला, आतलं शेवटचं पान पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ताई, हे भाग एकचं आहे. दोनचं पुस्तक कधी येतंय?"

"काका, दुसरा भाग नाहीये. लेखकानं एकच लिहिलंय."

"लिहील की आता," काका म्हणाले. "पिक्चर बघितला की सुचेल त्याला."