गट मोडल्यावर पोरींच्या हातात काय उरतं?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. पुतणी पंधरा वर्षांची, मिरजेला गाणं शिकते. मुंबईचा एक निर्माता पाच मुलींचा पॉप गट बांधतोय आणि त्यात तिची निवड झाली आहे. करार तीन वर्षांचा. वहिनी हरखून गेली आहे, दादाला दहावीची काळजी आहे, आणि आत्याचं म्हणणं असं की खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या मिरजेत शिकलेल्या मुलीने असल्या नाचगाण्यात जाऊच नये. मी बरीच वर्षं इंग्लंडात राहतो, म्हणून फोनवर जो तो मला विचारतो, तुमच्याकडे काय होतं?

इथे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. २००१ साली ‘पॉपस्टार्स’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमातून पाच जण निवडून ‘हिअरसे’ हा गट उभा केला. गाणारे विशीतले, पण डोळा सगळा शाळकरी पोरांवर. मार्चमध्ये पहिलं गाणं आलं आणि एका आठवड्यात पाच लाखांहून जास्त प्रती खपल्या. मी ज्या ऑफिसात होतो, तिथे ज्याच्या त्याच्या घरी त्यांचं पोस्टर होतं. डिसेंबरात दुसरा अल्बम आला, तो पहिल्या विसातही पोचला नाही. जानेवारी २००२ मध्ये एक गायिका बाहेर पडली, तिच्या जागी नवा मुलगा घेतला. लोक त्यांची भर रस्त्यात हुर्यो उडवायला लागले होते. ऑक्टोबरात गट मोडला.

आवाज बिघडला होता का? मुळीच नाही. लोकांना आवडली होती ती निवडीची गोष्ट. कोण राहणार, कोण जाणार, कोण रडणार. पाच जण ठरले आणि गोष्ट संपली. उरलेली गाणी ऐकायला लोकांना वेगळं कारण लागतं, आणि ते कारण घडवायला कोणी वेळच दिला नव्हता. नऊ महिन्यांत दोन अल्बम काढण्यामागे हीच घाई. कंपनीला पक्कं माहीत असतं की अकरा वर्षांची चाहती चौदाची झाली की तेच पोस्टर स्वतःच्या हाताने उतरवते, आणि तिच्या धाकट्या बहिणीला ताईचा गट नको असतो. म्हणून गळीत हंगामात ऊस उपसावा तसं सगळं एकदम उपसून घ्यायचं.

शिवाय हिशेब. पाच जणांचे कपडे, नाच शिकवणारा, व्हिडिओ, प्रवास. इथल्या नेहमीच्या करारांत ध्वनिमुद्रणाचा आणि व्हिडिओचा बराचसा खर्च गाणाऱ्यांच्याच वाट्यातून वळता होतो. दुसऱ्या अल्बमचा खप पडला की तिसऱ्यावर पैसे घालण्यापेक्षा नवी पाच पोरं निवडणं स्वस्त पडतं. हिअरसे मोडला तेव्हा त्याच कार्यक्रमाचं पुढचं पर्व टीव्हीवर चालू होतं, त्यातून ‘गर्ल्स अलाउड’ निघाला. तो मात्र पुढे बरीच वर्षं टिकला, कारण त्यांच्यामागे गाणी करणारी एक चांगली मंडळी सातत्याने उभी राहिली. म्हणजे कारखान्यातला गट टिकतच नाही असं नाही. त्याच्या गाण्यांवर कोणीतरी मेहनत घ्यावी लागते.

हे तिकडचं उथळपण आहे, आपल्याकडे असं होत नाही, असं आत्या म्हणते. मला ते मान्य नाही. २००२ मध्ये आपल्याकडेही याच धर्तीच्या कार्यक्रमातून ‘व्हिवा’ हा पाच मुलींचा गट निघाला होता. देशभर गाजला आणि थोड्याच वर्षांत विस्कटला. त्यातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे स्वतःच्या नावावर गात राहिल्या.

आणि सांगलीने तर नाटक कंपन्या बुडताना किती पाहिल्या आहेत! १८४३ पासून आपलं गाव नाटकाचं. पोरवयात मुलं कंपनीत जायची, लुगडं नेसून गायची, आणि बोलपट आले तशा कंपन्या कर्जात बुडाल्या. बालगंधर्वांसारख्यालाही ते कर्ज चुकलं नाही. पण भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांच्या गळ्यात राहिली. दीनानाथांची बळवंत मंडळी गेली, त्यांनी मुलांना दिलेलं गाणं गेलं नाही. हिअरसेमधली मायलीन क्लास पियानो रीतसर शिकलेली होती. गट संपल्यावर ती शास्त्रीय संगीताकडे परतली आणि रेडिओवर त्याच संगीताचे कार्यक्रम करू लागली. माझा सगळा जीव या मुद्द्यावर अडकला आहे. पोरीने पॉप गावं, खुशाल नाचावं, पण मिरजेचा क्लास सुटता कामा नये, आणि तो सुटणार नाही हे करारात लिहून घ्यावं.

करार मी वाचला. गटाचं नाव निर्मात्याचं, गाण्यांचे हक्क निर्मात्याचे, गटातून कोणाला कधीही काढायचा अधिकारही त्याचा. काढलेल्या मुलीला काय मिळणार, यावर एक ओळ नाही. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलीची सही कायद्याने चालत नाही, म्हणून सही दादाची लागणार. अभ्यासाची काळजी करणाऱ्या दादाने हे पान अजून उलटलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे इंग्लंडात शाळकरी मुलांना कार्यक्रमात घ्यायचं तर सहसा स्थानिक कौन्सिलचा परवाना काढावा लागतो आणि सोबतीला मान्यताप्राप्त माणूस ठेवावा लागतो. पण गट मोडल्यावर मुलांचं काय, याकडे इथलंही कोणी बघत नाही. आपल्याकडे बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे: बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. फक्त त्या कायद्यात मूल म्हणजे चौदा वर्षांच्या आतलं. पुतणी पंधराची. अशा गटांत पंधरा-सोळाच्या मुलीही असतात, म्हणजे ज्यांना या नियमाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच त्यातून सुटतात. ही मर्यादा अठरापर्यंत न्यायला हवी. आत्या आणि वहिनी ज्या तावातावाने भांडतात, त्या तावाने आपल्या आमदार-खासदारांना कोणी हे विचारावं.

तोपर्यंत दादाने निर्मात्याला लेखी कळवावं की ते २० टक्के ठेवीत जातील, रॉयल्टीचा वाटा आकड्यात लिहिला जाईल, आणि गट मोडला तरी पोरीला स्वतःच्या नावाने गाता येईल. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाची फी मी इथून पाठवतो आहे.