ली यूच्या नावावर चोरीच्या पीडीएफ खपवू नका

आत्याने काल एक फॉरवर्ड पाठवला, वर शेरा: 'किती मोठं मन!' मजकूर असा: सतराव्या शतकातल्या ली यू या चिनी लेखक-प्रकाशकाने आपलं सगळं साहित्य जगाला फुकट वाटलं, 'मोहरीदाणा उद्यान' हा प्रसिद्ध चित्रग्रंथ एकट्याने काढला आणि नानजिंगच्या त्याच उद्यानात ऐश्वर्यात देह ठेवला. तेव्हा आपणही ज्ञान मुक्त करू या. आणि खाली मराठी पुस्तकांच्या पीडीएफची लिंक! त्यातले कित्येक लेखक अजून हयात आहेत, लिहिताहेत.

म्हणे फुकट वाटलं! थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १६७१ च्या 'श्यानछिंग औजी' या पुस्तकात ली यू म्हणतो की यातले घर-सजावटीचे माझे नवे नमुने कोणीही खुशाल उचलावेत. फॉरवर्डवाला इथेच थांबला. लगेच पुढे ली यू बजावतो: पत्रांच्या कागदाचे नमुने मात्र माझी माणसं बनवतात आणि विकतात, त्यावर माझं पोट आहे, ते दुसऱ्याने छापायचे नाहीत. एखाददुसरी गोष्ट बदलून छापणाऱ्यालाही तो कृतघ्न लांडग्यांत बसवतो आणि सापडेल तिथल्या कचेरीत फिर्याद करण्याची धमकी देतो. 'नांगरायचं मी आणि खायचं त्यांनी, हे कसं सोसायचं?' पाठोपाठ मरेस्तोवर लढायची शपथ.

नुसती धमकी नव्हे. सूचौचे व्यापारी त्याचं नवं पुस्तक चोरून छापणार असं कानावर येताच त्याने अधिकाऱ्याला गळ घालून बंदीचा हुकूम काढवला. तेवढ्यात घरून निरोप: हांगचौमध्ये चोरटी आवृत्ती छापूनही झाली! मग जावयाला तक्रार करायला लावलं. नानजिंगला बिऱ्हाड हलवलं तेही या चोरट्या आवृत्त्यांपायीच, असं त्याने पत्रात स्वतः लिहून ठेवलंय. असा माणूस पीडीएफवाल्यांचा कुलगुरू!

चित्रग्रंथ त्याने काढलेला नाही. १६७९ चा पहिला भाग वांग गाय या चित्रकाराचा, खटपट जावई शेन शिनयौची. ली यूची प्रस्तावना आणि त्याच्या उद्यानाचं नाव. पुढचे भाग १७०१ चे, तोवर त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

आणि ऐश्वर्य कसलं? उद्यान वीस गुंठ्यांच्या आतलं. तेही सोडून १६७७ मध्ये तो कर्जाच्या ओझ्यासकट हांगचौला परतला आणि १६८० मध्ये तिथेच वारला.