शार्कचे मणके आणि कॅन्सरची कॅप्सूल

माझ्या मावशीची केमो चालू आहे. परवा कुणीतरी तिला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड धाडला: शार्कची कूर्चा (हाडांऐवजी असणारा लवचिक सांगाडा) कोट्यवधी वर्षं कुजत नाही, खोल समुद्राच्या तळाशी सापडणारे मणके हा पुरावा, शार्कला कॅन्सर होतच नाही, म्हणून केमो सोडा आणि कूर्चेच्या कॅप्सूल घ्या. "मागवू का गं?" असं तिने विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

शार्कला कॅन्सर होतो. गॅरी ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली 'कॅन्सर रिसर्च'मध्ये शार्क आणि त्यांच्या जवळच्या माशांमधल्या गाठींच्या ४२ नोंदी मांडल्या. त्यांत खुद्द कूर्चेच्या गाठीही आहेत. आणि समजा होत नसता, तरी कूर्चा खाऊन तो गुण आपल्यात कसा उतरणार? हेही तपासून झालंय. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर चाचणी झाली. केमो आणि रेडिएशन सगळ्यांना होतंच, त्यावर काहींना कूर्चेचा अर्क, काहींना नुसतं दिसायला तसंच, पण औषध नसलेलं काहीतरी. २०१० चा निकाल: अर्कवाल्या गटाचं मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४.४ महिने, दुसऱ्या गटाचं १५.६. काडीचाही फायदा नाही. केमो बंद करून काय होईल, हे तर त्या फॉरवर्डवाल्याने क्षणभरही मनात आणलेलं नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, आणि गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या वाढणं तिच्या अर्काने रोखलं जातं, असं १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं होतं. तिथून गोळीपर्यंतचा रस्ता मात्र वरच्या चाचणीत संपला.

आता मणके. शार्कची बहुतेक कूर्चा कुजूनच जाते, म्हणून जीवाश्मांत दातांचाच भरणा. मणक्यांच्या चकत्या टिकतात, कारण जिवंतपणीच त्यांत कॅल्शियम फॉस्फेट साठून त्या टणक झालेल्या असतात. शिवाय दगड झालेल्या मणक्यावरून त्या माशाच्या यकृतात गाठ होती की नव्हती, हे कसं कळणार? यकृत उरलेलंच नाही.

आणि समुद्राच्या तळाशी कशाला जायला हवं? मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे सुमारे १४० मणके बेल्जियममध्ये, अँटवर्पच्या परिसरात, १८६० च्या दशकात मिळाले. आज ते ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहेत. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या खडूच्या खडकांतही शार्कचे मणके मिळतात, आणि ऑस्ट्रेलियात डार्विन शहराजवळच्या किनाऱ्यावर सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या महाकाय शार्कचे पाच मणके सापडले.