हवे तेच दिसावे यासाठी काही सूचना

डोळे उघडले की समोरचे जग आपोआप दिसते, असा आपला समज असेल तर तो आधी सोडून द्या. कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते असे सांगत आलेल्यांनी निरोगी माणसाची उगाच भलावण करून ठेवली आहे. डोळ्यांना काय पाहायचे ते आधी नेमून द्यावे लागते, आणि एकदा नेमून दिले की ते इमानाने तेवढेच पाहतात.

पूर्वानुभव गाठीशी असल्यास निम्मे काम झालेच म्हणून समजा. १९४९ साली ब्रुनर आणि पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना पत्त्यांची पाने निमिषभर दाखवली आणि त्यांत लाल इस्पिक, काळे बदाम अशी काही बनावट पाने मिसळली. जाणत्यांनी काळ्या बदामाला बेधडक इस्पिक ठरवले. काही समंजस मंडळींनी तर तडजोड करून लाल इस्पिकाचा रंग जांभळा किंवा तपकिरी असल्याचे सांगितले. पत्ते कधीच न पाहिलेल्या अडाण्याला हे साधले नसते.

मात्र मोठी मजल मारायची असेल, तर फ्रान्समधील नान्सी येथील प्राध्यापक रने ब्लाँदलो यांचा कित्ता गिरवावा. एखादे उद्दिष्ट मनाशी घट्ट धरावे, आणि त्यात देशाचा मान गुंतलेला असल्यास उत्तमच. १८७१ मध्ये जर्मनीकडून झालेल्या फ्रान्सच्या पराभवानंतर जर्मन सरहद्द नान्सीच्या जवळ येऊन ठेपली होती, आणि १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले तेही एका जर्मनाला. १९०३ मध्ये ब्लाँदलोंना नवे किरण दिसले आणि आपल्या गावाच्या आद्याक्षरावरून त्यांनी त्यांना ‘एन-किरण’ हे नाव दिले. हे किरण पडले की अंधारातली अंधुक ठिणगी किंचित उजळे. हा ‘किंचित’ फार मोलाचा आहे, तो हातचा सोडू नका. खोली काळोखी असावी, फरक जेमतेम असावा, निर्णय नजरेवर सोपवावा आणि ठिणगीकडे थेट रोखून न पाहता जरा तिरकेच पाहावे. एवढी पथ्ये पाळल्यावर शंभराहून अधिक संशोधकांना हे किरण दिसू लागले, माणसाच्या मज्जातंतूंतूनही ते निघताना आढळले. ज्यांना दिसले नाहीत, त्यांचे डोळे पुरेसे तयार नव्हते. हा युक्तिवाद पाठ करून ठेवा. तो कुठल्याही विषयात चालतो.

एक खबरदारी तेवढी घ्यावी: अंधारात पाहुणे येऊ देऊ नयेत. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ नान्सीला आले आणि किरणांचे वक्रीभवन करणारा ॲल्युमिनियमचा लोलक त्यांनी काळोखात गुपचूप काढून घेतला. मोजमापे तरीही पूर्वीसारखीच येत राहिली, आणि हे वुड यांनी लेख लिहून छापले. सामान्य माणूस यातून असे किरण मुळात नाहीतच असा निष्कर्ष काढील. आपण निष्ठेची ताकद पाहावी, कारण लोलकाचे काम तिने एकटीने निभावून नेले.

हे सारे जुन्या काळचे आहे आणि आजचे तज्ज्ञ फार सावध असतात, अशी शंका कोणी काढल्यास त्याला २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगा. फुप्फुसातील गाठी शोधायला बसवलेल्या २४ रेडिओलॉजिस्टांना दाखवलेल्या सीटी स्कॅनमध्ये एका गोरिलाचे चित्र घातले होते, तेही सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २० जणांना तो दिसला नाही, आणि त्यांतील बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडली होती, असे नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने नोंदवले. त्यांना गाठी शोधायला सांगितले होते. गोरिला त्यांच्या कामाच्या यादीत नव्हता.

तेव्हा वुडसारख्यांच्या लेखाने खचून जाऊ नये. त्याच वर्षी, तो लेख छापून आल्यानंतर, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ब्लाँदलोंना ५०,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. फक्त ते त्यांच्या एकंदर कार्यासाठी आहे, असे म्हणण्याची काळजी घेतली.