अहिल्याबाईंची नाणी प्लीज वजनावर विकू नका

२०२५ मध्ये अहिल्याबाईंची ३००वी जयंती झाली तेव्हा सरकारने ३०० रुपयांचं स्मारक नाणं काढलं, आठवतंय ना? इंदूरच्या प्रत्येक मराठी ग्रुपवर तो फोटो फिरला आणि "कुठे मिळेल, कसं बुक करायचं" म्हणून मला आठ-दहा फोन आले. छान वाटलं. पण त्याच दिवाळीत आमच्या नात्यात एका घरी, आजी गेल्यावर त्यांच्या पेटीत निघालेले अकरा जुने रुपये, चांदीचा भाव चढलाय म्हणून मोडीत दिले. मला नंतर फोटो दाखवला. झूम करून बघतो तर दोन रुपयांवर बेलाचं पान! म्हणजे अहिल्याबाईंच्या राजधानीतले, महेश्वरचे रुपये. तोवर वितळूनही गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

अहिल्याबाईंनी नाण्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. नाव बादशहाचं, शाह आलमचं, तेही फारसीत, कारण तेव्हा चलन त्याच्याच नावाने चालायचं. पण महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयावर त्या फारसी अक्षरांमधेच शिवलिंग आणि बेलपत्र आहे. मल्हारनगरच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्याच रुपयावर सूर्याचा चेहरा, होळकरांचं कुलदैवत मार्तंड. माझ्याकडे महेश्वरचा एक आहे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून अर्धी अक्षरं कडेलाच कापली गेलीयेत, हातोड्याने पाडलेला असल्यामुळे गोलसुद्धा धड नाही, पण बेलाची तिन्ही दलं अंगठ्याला अजून लागतात. कडेजवळ बारीक टोचा आहे, कुण्या सराफाने चांदी खरी का म्हणून तपासलेली. मला तो टोचासुद्धा प्रिय आहे.

आणि हात जोडून सांगतो, लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातली नाणी चिंच, पितांबरी लावून घासू नका. मी चौदा वर्षांचा असताना आजोबांचा रुपया राख लावून लख्ख केला होता, आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हातात घेऊन बघत बसले. तो काळसर थर दीड-दोनशे वर्षांत चढलेला असतो, गेला की परत येत नाही, आणि घासलेल्या नाण्याला संग्राहक निम्मी किंमतही द्यायला कुरकुरतात.

दुसरं टोक म्हणजे ते रील्स. "वैष्णोदेवीचा सिक्का द्या, पाच लाख घ्या." नाही हो मिळत! ते नाणं ढिगाने निघालंय. राम दरबारवाले १८१८ चे "कंपनीचे" सिक्के पण ईस्ट इंडिया कंपनीने पाडलेलेच नाहीत, ते टोकन आहेत, चलन नव्हे. रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की समजा फसवणूक, रिझर्व्ह बँकेनेसुद्धा २०२१ मध्ये सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावाने फी, टॅक्स मागणारे लोक खोटे आहेत.

जुनं म्हणजे दुर्मिळ, हे पण डोक्यातून काढा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ दिसलं की लोक उड्या मारतात, पण तेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडत होते, म्हणून ते बऱ्याच घरांत निघतात. याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, बहुतेक माल परत वितळवला आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट करून काढला, त्यामुळे जे थोडे बाहेर राहिले त्यांना आज मागणी. महेश्वरच्या रुपयाचंही तसंच होत चाललंय, फरक एवढाच की तो सरकार नाही, आपणच वितळवतोय.

तर इंदूर, महेश्वर, देवास, कुठेही तुमच्या घरी फारसी अक्षरांचे जाडसर रुपये असतील तर सराफ्यात जायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो उन्हात काढून मला इनबॉक्स करा. पैसे नकोत, विकत पण मागणार नाही, फक्त काय आहे ते वाचून सांगतो. आणि फोटोसाठी म्हणून घासू नका, आहे तसंच पाठवा.