जाड वायर, शंभर वॅट आणि एक फॉरवर्ड

काही महिन्यांपासून हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या गटांत एक मेसेज फिरतोय. नागपुरातल्याच तिघांनी मला तो पाठवला. त्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा, घरच्या सायकलला मोटर बसवतोय, त्याने खाली फक्त "काका, हे खरं आहे का?" एवढंच लिहिलं होतं. मेसेजचं सार असं: जाड वायरीला सोल्डर (जोडासाठी वितळवायचा कथलाचा मिश्रधातू) धरत नसेल तर 25 वॅटचं आयर्न (सोल्डर वितळवायचं तापतं हत्यार) फेका आणि 100 वॅटचं घ्या. टिप (आयर्नचं तापणारं तोंड) बारीक टोकाची घ्या, म्हणजे उष्णता एका जागी एकवटते. तापमान बदलता येत असेल तर थेट 450 अंशांवर ठेवा. फ्लक्सची पेस्ट (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती) भरपूर लावा. सोल्डर आधी टिपेवर वितळवून मग वायरीवर चोपडा. वायर स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणार असेल तर टोकाला आधी सोल्डर पाजा, पकड पक्की बसते. आणि शेवटची चपराक: क्रिंप करणं, म्हणजे सोल्डरऐवजी वायरीवर धातूची टोपी दाबून बसवणं, हे सोल्डर न जमणाऱ्यांचं काम.

शंभर वॅटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर मेसेज इतका चालला. 25 वॅटच्या आयर्नवर आमच्या पिढीतले बहुतेक जण शिकले. रेडिओच्या किटला, एलईडीला, पातळ वायरींना ते आजही उत्तम. पण 6 स्क्वेअर एमएम छेदाच्या वायरीला ते लावून बसलात तर चहा होईल, जोड होणार नाही. का होत नाही, ते कागदावर मांडून बघू. या वायरीच्या एक सेंटीमीटर तुकड्यात साधारण अर्धा ग्रॅम तांबं असतं. ते 30 अंशांवरून 220 वर न्यायला सुमारे 40 ज्यूल पुरतात. 25 वॅट म्हणजे सेकंदाला 25 ज्यूल, म्हणजे दोन सेकंदांत काम व्हायला हवं! होत नाही, कारण तांबं उष्णता धरून ठेवत नाही, मागे पळवतं. टोक 220 वर आणि एक सेंटीमीटर मागची वायर अजून 40 वर असेल, तर त्या क्षणी मागे जाणारा ओघ 40 वॅटच्या वर जातो. पुढे वायर तापत जाते तसा तो कमी होतो, पण बंद कधीच होत नाही. भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे हे. नळ भोकापेक्षा मोठा हवा, आणि काम लवकर उरकायला हवं.

म्हणजे वॅट हवेत, हे मान्य. पण मेसेजने लगेच पुढच्याच वाक्यात तो मोठा नळ बंद केला आहे, बारीक टिप सांगून.

उष्णता 'एकवटणे' हा शब्द ऐकायला छान आहे. भिंगाने ऊन एकवटतं, टिपेने उष्णता एकवटत नाही. टिप म्हणजे तांब्याचा दांडा, वर लोखंडाचा मुलामा दिलेला. त्यातून उष्णता वाहत येते, आणि दांडा बारीक तर वाट बारीक. समजा टोकाकडचा पाच मिलिमीटरचा भाग एक मिलिमीटर जाडीचा आहे. मागे 350 अंश आणि पुढे 220, तर त्यातून जेमतेम 8 वॅट पलीकडे जातात. खरी टिप निमुळती असते, म्हणून हा हिशेब ढोबळ धरा. पण मागे 60 वॅटचा हीटर असो की 100 चा, त्या मानेतून तेवढंच येणार. तीच मान चार मिलिमीटरची झाली की वाट सोळा पट रुंद होते. शिवाय जाड टिपेत साठा असतो. 10 ग्रॅम तांबं 350 वरून 250 वर उतरताना जवळजवळ 385 ज्यूल देऊन जातं, तेही हीटरने जागं होण्याआधी.

म्हणून मी दुकानात आधी वॅट बघत नाही, टिपेचं तोंड बघतो. छिन्नीसारखं सपाट, तीन ते पाच मिलिमीटर रुंद. किंवा तिरपं कापलेलं, घोड्याच्या खुरासारखं. सपाट बाजू वायरीला लांबीने चिकटवायची. टोक टेकवायचं नाही. तापमान राखणारं 60-70 वॅटचं सोल्डरिंग स्टेशन आणि अशी टिप असेल, तर 12 गेजची सिलिकॉन वायर (रिमोटवरची आरसी विमानं, ड्रोन, रोबोट यांना हीच लागते) तीन-चार सेकंदांत सोल्डर पिते. टी12 जातीच्या टिपांमध्ये हीटर आणि तापमापक दोन्ही टिपेतच असतात, त्यामुळे वायर टेकवताच तापमान उतरल्याचं त्यांना लगेच कळतं. जुन्या पद्धतीत हीटर वेगळा आणि टिप त्यावर टोपीसारखी, तिथे थोडा उशीर लागतो. फरक एवढाच आहे, पण जाड वायरीवर तो हाताला जाणवतो.

जाता जाता गेजबद्दल, म्हणजे वायरीच्या जाडीच्या मापाबद्दल. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात '10 गेज' मागितलं तर कोणतं गेज, हे विचारून घ्या. अमेरिकन 10 गेजचं तांबं सव्वापाच स्क्वेअर एमएम असतं, ब्रिटिश 10 गेजचं आठच्या वर. वाइंडिंगवाले आपल्याकडे ब्रिटिश गेजमध्ये बोलतात, ड्रोनवाले अमेरिकन. निम्मे घोळ इथेच होतात. सरळ स्क्वेअर एमएममध्ये बोललेलं बरं. "घेऊन जा ना भाऊ, शंभर वॅटचं, कायले टेन्शन घेऊन राहिला," असं काउंटरवरून ऐकू येईल. ऐकावं, हसावं, आणि टिप दाखवा म्हणावं.

450 अंशांचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करणारा. 60/40 सोल्डर 183 अंशांना मऊ होऊ लागतं आणि 190 पर्यंत पूर्ण वितळतं. शिसं नसलेलं साधारण 220 ला. वायरीला जे हवंय ते उष्णतेचं प्रमाण, तापमानाचा आकडा वाढवून ते तेवढं वाढत नाही. 350 चे 450 केले तर जोडाशी असलेला फरक 130 वरून 230 झाला, म्हणजे दुप्पटही नाही. टिप बदलली तर सोळा पट वाट मिळत होती, ते आठवा. उलट 450 ला राळेचं फ्लक्स काम करायच्या आतच जळून काळं पडतं, टिपेवरचा मुलामा लवकर खराब होतो, सर्किटची पाटी असेल तर तिच्यावरचा तांब्याचा पॅड उचलला जातो. मी 350 वर सुरुवात करतो, फारच जाड काम असेल तर 380. त्यापुढे जावंसं वाटलं की समजावं, टिप लहान पडतेय.

साध्या 100 वॅटच्या, तापमान न राखणाऱ्या आयर्नची अडचणही हीच. स्टँडवर रिकामं ठेवलं की ते 400 च्या पार जातं आणि टिप काळी पडते, आणि काळ्या टिपेवर सोल्डर थेंब होऊन गळून पडतं. तरीही वर्षातून दोन-चारदा लग (वायरीच्या टोकाला बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी) लावायचे असतील तर ते घ्यायला माझी हरकत नाही. फक्त कामाच्या वेळीच लावा, टिप सोल्डरने ओली ठेवा.

एक गैरसमज मेसेजच्या विरोधकांमध्येही आहे: लहान आयर्न सावकाश लावलं तर इन्सुलेशन वाचतं. नाही वाचत. घरातल्या नेहमीच्या पीव्हीसी वायरीचं आवरण 70 अंशांसाठी बनवलेलं असतं. लहान आयर्नने अर्धा मिनिट तापवत बसलात तर तेवढ्या वेळात उष्णता दहा सेंटीमीटर मागे जाऊन आवरण मऊ करते. मोठी टिप पटकन काम उरकते आणि आवरणाला कळायच्या आत बाजूला होते.

आता सोल्डर टिपेवर घेऊन चोपडायचं प्रकरण. लहानपणी दारात येणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तो कथील भट्टीवर वितळवून भांड्यात ओतत नसे. भाता मारून आधी भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट फिरवायचा, धूर निघाला की कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवायचा आणि कापडाने एका फेऱ्यात पसरवायचा. भांडं पुरेसं तापलं नसेल तर कथील धरायचंच नाही. वायरीचंही तसंच. टिपेवर एक थेंब सोल्डर घ्यायचं ते फक्त टिप आणि वायर यांच्यातली हवेची फट भरायला. बाकीचं सोल्डर वायरीच्या दुसऱ्या बाजूने द्यायचं. ते स्वतःहून आत ओढलं गेलं की तापमान पुरेसं आहे, वेगळं विचारायला नको. टिपेवर धुमसत राहिलेल्या सोल्डरमधलं फ्लक्स तोवर उडून गेलेलं असतं, आणि वायरीवर नुसता राखाडी गोळा बसतो. ओढून बघा, पापुद्र्यासारखा निघतो. पेस्टही लावा, राळेची लावा, थोडी. नवसागर किंवा नळकामाचं आम्लाचं फ्लक्स मात्र वायरींच्या जवळ आणू नका. कल्हईनंतर भांडं धुतात. तारांच्या जुडग्यात शिरलेलं क्लोराईड धुता येत नाही, ते वर्षभरात तांबं हिरवं करतं.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. मे महिन्यात 45 अंशांत जोड लवकर तापेल असं वाटतं, आणि थंडीच्या 12 अंशांशी तुलना केली तर खरोखर पंधरा-सोळा टक्के उष्णता कमी लागते. पण आपण कूलर थेट टेबलावर सोडून बसतो. ती हवा वाचलेली उष्णता परत घेऊन जाऊ शकते. कूलरचं तोंड फिरवा. धूर ओढायला छोटा पंखा बाजूला ठेवा, जोडावर नको.

बॅटरीला लागणाऱ्या एक्सटी60 कनेक्टरची गोष्ट थोडक्यात: त्याचं अंग नायलॉनचं असतं, पिन तापली की वाकडी होते. सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर आत खोचून ठेवा, पिना सरळ राहतात. ही युक्ती कळण्याआधी मी दोन वाया घालवले.

स्क्रू टर्मिनलबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या वायरीचं टोक मी मोठ्या अभिमानाने सोल्डर पाजून स्क्रूखाली आवळलं होतं. चकचकीत, टणक, एकही तार बाहेर नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जळका वास आला. टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, आणि स्क्रू बोटाने फिरत होता. कथील-शिशाचं सोल्डर नेहमीच्या तापमानालाही त्याच्या वितळबिंदूच्या फार जवळ असतं. निरपेक्ष मापात 30 अंश म्हणजे 303 केल्व्हिन, वितळबिंदू 456. म्हणजे दोन तृतीयांश. अशा धातूवर कायम दाब ठेवला तर तो हळूहळू सरकत राहतो. स्क्रू ढिला होतो, संपर्काचा रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने आणखी सरकणं. बंद कपाटातला नागपूरचा मे त्यात तेल ओततो. क्रिंपमध्येही धातूवर दाबच असतो, आणि नासाच्या वायरकामाच्या मानकातही सोल्डर पाजलेली बहुतारी वायर क्रिंप करायला मनाई आहे. स्क्रूखाली जायचं तर कोरी वायर, त्यावर फेरूल (तारांवर दाबून बसवायची छोटी धातूची नळी). बॅटरीच्या बोल्टला जायचं तर लग.

दुसरं, सोल्डर तारांमधून वर आवरणाखाली चढतं. जिथे ते थांबतं, तिथे लवचिक वायर एकदम कडक होते, आणि हादरे बसले की नेमकी तिथेच तुटते. सायकलवर, ई-रिक्षावर हे फार लवकर घडतं.

क्रिंप हा कमीपणा वाटतो तो पक्कडीने चेपलेल्या लगांमुळे. नीट साच्याने दाबलेल्या लगमध्ये तारा एकमेकींत दाबून जवळजवळ एकसंध होतात, हवेलाही जागा राहत नाही. सोल्डरपेक्षा तो जोड दणकट. 10 स्क्वेअर एमएमच्या वर मी आयर्न हातातच घेत नाही, आणि गॅसच्या टॉर्चचं तर नावही काढत नाही.

त्या सायकलवाल्या मुलाला घेऊन मी ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने हायड्रॉलिक क्रिंपर काढला, दोन्ही लग दाबले, वायर पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढून दाखवली. फक्त लगांचे पैसे घेतले. मुलाच्या डोक्यात मेसेज अजून होताच, त्याने विचारलं, "वरून थोडं सोल्डर पाजू का, पक्कं होईल?"

मेकॅनिकने मान वर न करता विचारलं, "कायले?"