तारीख फक्त खेळांनाच का?

खेळांच्या बांधकामांना तारीख असते, पुरात पडलेल्या घरांच्या मदतीला मात्र नसते, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "जुम्मादादांच्या आखाड्याच्या आणि विजय हजाऱ्यांच्या गावात, बडोद्यात राहून खेळावरच्या खर्चाला नावं ठेवता? स्टेडियम नाही बांधलं म्हणून कुणाचं घर उभं राहत नसतं," असं तुम्ही लिहिलंत. वाक्य लागलं, कारण त्यात तथ्य आहे. बडोद्याजवळच्या कोटंबीचं स्टेडियम क्रिकेट असोसिएशनचं, म्हणजे खातंच वेगळं. ते झालं नसतं तरी आमच्या भिंती वाळल्या नसत्या. आणि 1947च्या रणजी अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यात केलेली 577 धावांची भागीदारी मीही लहानपणापासून घरात ऐकत आलोय. खेळाचा दुस्वास माझ्या मनात नाही.

पण ऑगस्ट 2024 मध्ये आमची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची भिंतच बसली. पाहणीला माणसं आली, फोटो काढले, नावं लिहून घेतली. पैसे कधी मिळणार, हे मात्र कुणीच सांगेना. त्या घरातल्या आजी रोज दारात बसून विचारायच्या, "आज कुणी आलं का रे?" तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

लेखात जपानचं उदाहरण त्यासाठीच दिलं होतं. मार्च 2011च्या त्सुनामीनंतर टोकियोच्या ऑलिंपिकला त्यांनी पुनर्उभारणीचं ऑलिंपिक म्हटलं. ज्योत निघाली फुकुशिमातल्या जे-व्हिलेजमधून. हे मूळचं फुटबॉलचं सराव केंद्र, पण अणुअपघातानंतर तिथे कामगारांचा तळ होता. हे वाचून मी हेलावलो होतो. पण त्याच वर्षांत टोकियोतल्या बांधकामांमुळे त्सुनामीचा फटका बसलेल्या ईशान्य जपानात कामगार मिळेनात, मजुरी चढली, अशी तिकडच्या लोकांची तक्रार होती. खाती वेगळी असली तरी गवंडी तेच, सिमेंट तेच. आणि हेही खरं की जुलै 2011 मध्ये जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळं गमावून बसलेली माणसंही आनंदाने रडली असतील. त्या आनंदाला मी फुकाचा कसा म्हणू?

आता 2030चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला आहेत. उद्घाटनाचा दिवस चुकवायची कुणाची हिंमत नसते. अधिकारी, ठेकेदार, सगळे त्या दिवसाकडे धावतात. पडक्या घराला असा दिवस नसतो. माझी तक्रार एवढीच आहे. ते जमत नाही असंही नाही. 2001च्या भूकंपानंतर कच्छात लोकांनी स्वतः घरं बांधली. काम तपासून मदत हप्त्याहप्त्याने मिळत गेली. निदान पुढचा हप्ता कशावर अडलाय, हे घरमालकाला ठाऊक असायचं. आमच्या गल्लीला तेवढं कळलं असतं तरी मी तो लेख लिहिला नसता.

अहमदाबादला जाणार का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. जाणार. अ‍ॅथलेटिक्सची तिकिटं मिळाली तर आईलाही नेईन.